दामूभावजींचा रिकामा कॅमेरा

आधीच सांगून टाकते. माझं शिक्षण मराठी चौथीपर्यंतचं. ऱ्हस्व-दीर्घ चुकणार, जोडाक्षरं जिथं जमली नाहीत तिथं शाई सांडल्यासारखी दिसतील, आणि अक्षर असं की उद्या मलाच ते लावता येईल की नाही कोण जाणे. मुलाच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी राहिली होती म्हणून लिहिते आहे. वाचणाऱ्यानं चुका पोटात घालाव्यात आणि हसायचंच झालं तर दामूभावजींना हसावं. त्यांना सवय आहे.

दामूभावजी म्हणजे माझे धाकटे दीर. धुळ्यात एका जिनात कापसाच्या गाठी मोजून घ्यायच्या नोकरीला होते. उंची सहा फूट आणि रुंदी जवळपास नाहीच. त्यांची एक खोड साऱ्या धुळ्याला ठाऊक होती. गळ्यात कॅमेरा अडकवून ते भर बाजारात एखाद्या अनोळखी माणसापुढे जाऊन उभे राहत, जमिनीकडे बघत, आणि अगदी हळू आवाजात म्हणत, "मी इथं नाहीच असं समजा."

आता एवढा लांब माणूस, पोटावर काळा डबा, डब्यातून भात्यासारखं नळकांडं बाहेर आलेलं, आणि तो दोन हातांवरून सांगतो की मी नाहीच. समजणार कसं? कांदे विकणारा कांदे सोडून त्यांच्याकडे बघत बसे. त्याचं गिऱ्हाईक बघे. समोरचा शिंपी मशीन थांबवून बाहेर येई. भावजी आणखी दोनदा सांगत, "खरंच, मी नाही." मग कुणीतरी त्यांना पाणी आणून देई.

हे नसणं त्यांना घरी मात्र छान जमलं होतं. आमच्याकडे पुरुषांची पंगत सात जणांची आणि पाट मांडले जात सहा. मुद्दाम कुणी करत नव्हतं. मामंजी वकिलाकडे कारकून, त्यांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जाई. थोरले चार भाऊ आणि आमचे हे, सगळे आवाजाच्या बाबतीत मामंजींवर गेलेले. त्या गलक्यात दामूभावजी मोजण्यातून निसटत. ते चौकटीला टेकून उभे राहत आणि आम्हा बायकांबरोबर मागाहून कोपऱ्यात जेवत. मी नवीन होते तेव्हा एकदा विचारलं, भावजी, पाट राहिला का मांडायचा. तर म्हणाले, "असू द्या वहिनी. इथं उजेड बरा आहे."

उजेड हा त्यांचा दुसरा ध्यास. कुणाच्या बारशाला जावोत की मयताला, परत आले की उजेड कसा होता ते आधी सांगत. माणसंही ते कॅमेऱ्याच्या आकड्यांनी मोजत. कॅमेऱ्यावर पंचवीस, पन्नास, शंभर असे आकडे असतात. जितका हलता माणूस तितका मोठा आकडा लावायचा. सासूबाई शंभर. मामंजी जेवून झोपाळ्यावर बसले की पंचवीस. आणि भिंत, देऊळ, डोंगर अशा न हलणाऱ्या वस्तूंसाठी एक वेगळी खूण असते, तिला टाइम म्हणतात. मी टाइम. परक्या माणसासमोर मी हलत नसे, बोलत नसे, पदर पुढं ओढून उभी राहत असे. त्यामुळे देवळांच्या आणि डोंगरांच्या रांगेत माझी सोय झाली.

हा कॅमेरा त्यांनी बदली होऊन गेलेल्या एका इंजिनेर साहेबाच्या सामानाच्या लिलावात घेतला. मामंजींनी आठ दिवस अबोला धरला. सात पुरुषांच्या घरात एकाशी अबोला धरला तर त्या एकाला कळायला तर हवा. भावजींना तो आठव्या दिवशी कळला, सुटल्यावर.

त्या पावसाळ्यात पांझरेला मोठा पूर आला. भावजी धावत नदीवर गेले. पुलाजवळ दोनशे माणूस पूर बघत उभा. भावजींनी कॅमेरा उघडला मात्र, सगळा जमाव पुराकडे पाठ करून यांच्याकडे तोंड करून उभा राहिला. उंच मागं, बुटके पुढं. कुणी टोप्या सारख्या केल्या. एकानं जवळच्या दुकानातून खुर्ची आणून मधोमध बसून घेतलं आणि छडी गुडघ्यावर आडवी धरली. छडी कुणाची होती ते शेवटपर्यंत कळलं नाही. भावजींनी तो फोटो पुण्याच्या एका साप्ताहिकाकडे पाठवला. संपादकांचं कार्ड आलं, ते मला तोंडपाठ आहे. "चित्र पोचले. मंडळींचा ग्रुप उत्तम आला आहे. पूर कोठे आहे?"

खाली आणखी दोन ओळी होत्या. बातमीचं चित्र काढायचं तर काढणारा लोकांना दिसता कामा नये, आणि खानदेशातून अशी चित्रं पाठवणारा माणूस आम्हाला हवाच आहे. त्या दोन ओळींनी भावजींची झोप गेली. आपण कुणाला तरी हवे आहोत, असं त्यांना आजवर कुणी लिहून पाठवलं नव्हतं. "मी इथं नाहीच" सुरू झालं ते तेव्हापासून.

पण दिसायचं नाही हे एक वेळ जमेल, यांना तर लोकांकडे बघायचीच लाज. जळगावला किसनमास्तर म्हणून म्हातारे फोटोग्राफर होते. त्यांच्या स्टुडिओत तळं आणि हंस रंगवलेला पडदा होता, आणि अर्ध्या जिल्ह्यानं त्या हंसांपुढे बसून फोटो काढून घेतले होते. भावजी त्यांच्याकडे शिकायला गेले. मास्तर म्हणाले, फिल्म महाग, तुझी लाज फुकटची; आधी लाज खर्च कर. सहा महिने रिकामा कॅमेरा घेऊन बाजारात फिर. समोर जायचं, खटका दाबायचा, पुढं जायचं. लाज मेली की मग फिल्म घाल.

भावजींनी आज्ञा पाळली. फिल्मची एक गुंडाळी होती ती माझ्या कुंकवाच्या पेटीत ठेवायला दिली, कारण ती पेटी घरात दुसरं कुणी उघडत नसे. आणि दर बाजारच्या दिवशी ते रिकामा कॅमेरा घेऊन निघाले.

एक गोष्ट मास्तरांनी सांगितली नव्हती. आमच्याकडचा माणूस फोटो काढला की तो मागतो. खटका वाजला की माणूस जवळ येई, कधी मिळेल विचारी, गाव सांगे आणि हातावर पावली ठेवी. चार आणे, आगाऊ. आता तिथंच म्हणायचं, बाबा, डबा रिकामा आहे. पण तेवढं बोलता आलं असतं तर सहा महिने रिकामा डबा घेऊन फिरायची वेळच आली नसती. भावजी पावली घेत, मान हलवत आणि निघून येत. अशा तीसेक पावल्या जमल्या. त्या त्यांनी माझ्याच हवाली केल्या. माझ्या कुंकवाच्या पेटीचं झाकण लागेना.

त्यातली एक पावली वेगळी. वांगी विकणाऱ्या एका म्हातारीची. ती अमळनेरकडची, हे मागाहून कळलं; लेकीला भेटायला धुळ्याला आली होती आणि येताना पाटी भरून वांगी घेऊन आली होती. तिनं फोटो मागितला नाही, गाव सांगितलं नाही. भावजींनी खटका दाबला, तिनं कमरेची पिशवी सोडून पावली काढली आणि त्यांच्या मुठीत कोंबली. हे काही बोलायच्या आत ती दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली. पुन्हा ती धुळ्याच्या बाजारात दिसली नाही.

माघ महिन्यात एक दिवस भरदुपारी दारात बैलगाडी थांबली. गाडीत एक शेतकरी, त्याची बायको, आई, चार मुलं आणि बहुधा शेजारची एक मुलगी. "आम्ही फोटू लेवाले उनूत," तो म्हणाला; फोटो न्यायला आला होता. मामंजींना वाटलं, दामूचा धंदा जोरात चालला. त्यांनी बैठक घातली, चहा सांगितला, आणि पोराचं कौतुक सुरू केलं. ते ऐकायला पोरगा मात्र माजघरात धान्याच्या कणगीमागं उभा. मला म्हणतात, वहिनी, काहीतरी सांगा.

मी परक्या पुरुषाशी जन्मात बोलले नव्हते. दाराआडून म्हणाले, फोटो वाळतो आहे.

"सहा महिना झायात," तो म्हणाला. "कव्हय वाळी?"

मी वळून कणगीकडे बघितलं. मग कणगीमागून भावजी निघाले, माझ्यापुढून बैठकीत गेले आणि सगळ्यांच्या समोर म्हणाले, कॅमेरा रिकामा होता. त्यांच्या आयुष्यातलं ते पहिलं वाक्य, जे मामंजींनी पूर्ण ऐकलं.

शेतकऱ्यानं चहाची बशी खाली ठेवली. "मंग मी ऊनमा अर्धा घंटा कसाले उभा व्हतू?"

आणि तो उठला. बायको उठली. त्याच्या आईनं आमच्या सात पिढ्यांची विचारपूस केली. शेजारची मुलगी रडायला लागली, तिला तर फोटोत नसताना आणलं होतं. भावजी धावत आत आले, पेटीतून फिल्म काढली, कॅमेऱ्यात घातली आणि बाहेर पळाले. शेतकरी बैल जुंपत होता आणि एका हातानं यांच्याकडे बोट करून बोलत होता, म्हातारी गाडीत उभी राहून ओरडत होती, बायको तिला खाली ओढत होती. कॅमेऱ्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. भावजींनी खटका दाबला. मग पावली परत दिली, आणि पुढच्या आठवड्यात त्यांच्या गावी जाऊन फोटोची प्रतही देऊन आले.

तो फोटो साप्ताहिकात छापून आला. खाली लिहिलं होतं, "खानदेशातील सुखी शेतकरी कुटुंब बाजारास निघाले असता."

भावजींना त्यातून विद्या मिळाली. उरलेल्या पावल्या परत करायच्याच होत्या. ते एकेकाला गाठत, म्हणत, मागं तुमचा फोटो काढला तेव्हा डबा रिकामा होता. आणि समोरचा माणूस टोपी नीट करायची, छाती काढायची विसरून भडाभडा बोलायला लागला की खटका दाबत. मग पावली हातावर ठेवत आणि ऐकून घेत. कुंभार, तेली, पानवाला, हेडमास्तर, दोन पैलवान. पैलवानांच्या वेळी खटका शंभरवर लावला होता आणि स्वतः दोनशेनं पळाले. संपादकांचं पत्र आलं, खानदेशी माणसाच्या चेहऱ्यावरचे भाव फार जिवंत असतात, हे आपण कसे साधता? भावजींनी उत्तर लिहिलं, "लोकांचे सहकार्य आहे."

तीस माणसांच्या शिव्या खाल्ल्यावर लाजेला राहायला जागा उरली नाही. अनोळखी माणसाकडे ते आता सरळ बघत. कॅमेरा नसतानाही बघत. गावातल्या रावसाहेबांनी गरिबांना धान्य वाटलं तेव्हा मुद्दाम यांना बोलावणं आलं. रावसाहेबांकडे पोतं एकच होतं. ते एकाला द्यायचं, फोटो घ्यायचा, काढून घ्यायचं, दुसऱ्याला द्यायचं. सहावा गरीब जरा चिवट निघाला, पोतं सोडीना. एका बाजूनं रावसाहेब ओढताहेत, दुसऱ्या बाजूनं तो. भावजींनी नेमका तोच फोटो पाठवला. खाली छापून आलं, "रावसाहेब स्वहस्ते धान्य देताना." रावसाहेबांनी तो चौकटीत घालून दिवाणखान्यात लावला. अजून आहे.

पावल्या फिटल्या, एक राहिली. म्हातारीची.

ती त्यांनी फिल्मच्या रिकाम्या डबीत घालून खिशात ठेवली आणि बाजार पालथे घालायला लागले. पारोळा, एरंडोल, अमळनेर दोनदा, जळगाव, पार सावद्यापर्यंत. फोटोग्राफर माणूस, पण तिचाच फोटो नाही दाखवायला. विचारत, हनुवटीवर गोंदण आहे, वांगी विकतात. लोक म्हणत, साहेब, अर्ध्या खानदेशाच्या हनुवटीवर गोंदण आहे आणि उरलेला अर्धा वांगी विकतो. जाता जाता फोटो काढत: केळीच्या गाड्या, मिरच्यांचे ढीग, भांडणं. साप्ताहिकात दर महिन्याला त्यांचं पान येऊ लागलं. आम्ही कौतुक केलं की म्हणत, "अजून एक राहिली आहे."

अशी दोन वर्षं गेली. मग पुण्याहून पत्र आलं, कायम नोकरीवर या, अक्षय्य तृतीया, म्हणजे आमची आखाजी, झाली की रुजू व्हा. मामंजींनी ते पत्र वकिलांना दाखवलं, वकिलांनी कोर्टात. घरात भावजींच्या नावाचा पाट न चुकता मांडला जाऊ लागला. आणि भावजी म्हणाले, मी जात नाही. म्हातारीचे चार आणे खिशात घेऊन पुण्याला जायचं आणि लोकांचे फोटो काढायचे, हे त्यांना जमणार नव्हतं. मामंजी ओरडले, मनीऑर्डर कर. कुणाच्या नावानं, ते मात्र त्यांनाही सांगता येईना.

माझं माहेर अमळनेरजवळचं. आखाजीला सासरी गेलेली लेक माहेरी जाते; त्या वर्षी माझा भाऊ तापानं पडला म्हणून मला पोचवायला दामूभावजी निघाले. मोटार अमळनेरला उतरवी. आखाजीच्या आदल्या दिवशीचा बाजार भरत होता. घागरी, आंबे, आणि घागरीवर ठेवायला खरबुजं. भावजी म्हणाले, वहिनी, दहा मिनिटं. एकदाच बघतो. त्यांचा चेहरा बघून मी नाही म्हटलं नाही. पदर ओढून मागं मागं चालले.

ती खरबुजांच्या ढिगामागं बसली होती. वांग्यांचा मोसम संपला होता, एवढंच. दोन वर्षं हे वांग्यांच्या पाट्या बघत हिंडले, उन्हाळ्यातसुद्धा. म्हातारीनं यांना आधी ओळखलं, उंचीवरून.

भावजी तिच्यापुढे उकिडवे बसले. म्हणाले, आजी, तुमचा फोटो काढला तेव्हा डबा रिकामा होता. आणि सवयीनं शिव्यांची वाट बघत राहिले.

म्हातारी हसली. "डबामा काही नही, हाई माले ठाऊक व्हतं," ती म्हणाली. "तू तं जमीनकडे देखीसन खटका दाबे. बठ्ठा बाजार फिरना तू, कोनाशी बोलना नही. मी म्हनं, पोऱ्यानी भवानी तं व्हई जाऊ दे."

सकाळची पहिली विक्री ती भवानी. बाजारात बसणाऱ्या माणसाला ती झाल्याशिवाय दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नाही. म्हातारीनं यांना फोटोचे पैसे दिलेच नव्हते. एका दुकानदारानं दुसऱ्या दुकानदाराला भवानी करून दिली होती.

भावजींनी खिशातली डबी चाचपली. पुटपुटले, मी तर तेव्हा म्हणालो होतो, मी इथं नाहीच असं समजा.

"नही कसा समजू?" म्हातारी म्हणाली. "तू तं आठेच व्हता." आठे म्हणजे इथं.

भावजींनी मान खाली घातली आणि कॅमेऱ्याची काच धोतराच्या सोग्यानं पुसायला घेतली. बराच वेळ पुसली. काच स्वच्छ होती.

मग म्हातारीच म्हणाली, आता डबा भरलेला असेल तर काढ. आणि ती बसली. गुडघे जुळवून, हात गुडघ्यांवर, डोळे मोठे, श्वास रोखून, पुरापुढच्या दोनशे लोकांसारखी. बातमीच्या हिशेबानं तो फोटो अगदी वाईट. भावजींनी तिला तसंच बसू दिलं. नेहमीचं वाक्य ते त्या दिवशी म्हणाले नाहीत. तो फोटो त्यांनी पुण्याला पाठवला नाही. एक प्रत माझ्या भावाच्या हाती तिच्या गावी गेली, एक त्यांच्याकडे आहे.

फोटो झाल्यावर त्यांनी डबीतून पावली काढून पुढं केली. म्हातारीनं हात मागं घेतला. "भवानीना पैसा कोनी माघारी लेस का, भाऊ?"

झालं. दोन वर्षं शोधून सापडली आणि पैसे घेईना. भावजी हात तसाच पुढं धरून बसले. माझ्या मनात आलं, हा माणूस आता पुण्याला जात नाही. आणि कसं कोण जाणे, पदर मागं सरला आणि मी भर बाजारात मोठ्यानं विचारलं, "आजी, आज तुमची भवानी झाली का?"

म्हातारीनं माझ्याकडे बघितलं. मग ढिगाकडे. नव्हती झाली.

खरबूज दोन आण्याला एक होतं. मी दोन उचलली, एक भावजींच्या उजव्या हातात दिलं, एक डाव्या. त्यांच्या मुठीतली पावली घेऊन म्हातारीच्या हातावर ठेवली. ह्या वेळी तिनं मूठ मिटली. पावली आधी कपाळाला लावली, मग खरबुजांना लावली, मग डोळे मिटून पुन्हा कपाळाला. मांडवाच्या फटीतून ऊन नेमकं तिच्या हातावर पडलं होतं. असा फोटो भावजींना आयुष्यात पुन्हा मिळाला नसता, आणि त्यांच्या दोन्ही हातांत खरबुजं होती.

ते नुसते बघत राहिले.

मोटारअड्ड्याजवळ मी भावजींच्या हातातली खरबुजं घेतली. मग म्हणाले, "वहिनी, आज तुम्ही पन्नासवर गेलात." आणि थोडं चालल्यावर, "उजेड काय होता." खिशातली रिकामी डबी त्यांनी काढली, उलटी करून हलवून बघितली. काही वाजलं नाही. चार आणे फिटले होते.